दोन दुभाषे आणि माझी गढी

४ मार्च, मंगळवार

गेली! माझी गढी गेली!

दुपारी कंप्युटर उघडला तर ओळखीचं काही म्हणता काही नाही. मागचं निळं चित्र गेलं, तिथे कुठला तरी डोंगर. गढीचं बटण जागेवर नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बंद करून उघडला — तोच डोंगर.

संध्याकाळी नात दवाखान्यातून आली. रक्त तपासते तिथे. बूट काढता काढता म्हणते, "आजी, सरप्राइज! विंडोज काढून लिनक्स टाकलं. आता बघ कसा पळतो तुझा कंप्युटर!"

पळतो! मला काय शर्यतीला न्यायचाय त्याला?

म्हटलं, गढी कुठाय माझी. एक बूट पायात, एक हातात, तशीच उभी राहिली. "अगं… तो खेळ विंडोजवर चालतो. लक्षातच नाही आलं माझ्या."

दुसऱ्यांच्या रक्तातलं सगळं दिसतं हिला. घरातली म्हातारी दिवसभर काय करते ते दिसत नाही!

५ मार्च, बुधवार

राग उतरला नाही. रागारागात एका गिऱ्हाइकाच्या पँटची पट्टी उलट्या बाजूला मारली. उसवली, परत मारली. कापड नवं होतं, सुईची भोकं दिसतात. तो बघेल का? बघेलच. डोळे फाडून बघणाऱ्यातला आहे.

गढीचं लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना मलाच वाटायला नको की म्हातारी कशापायी एवढी पेटली होती.

धाकटी जाऊ आणि मी बोलत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं शिलाई मशीन तिने मला न विचारता भंगारवाल्याला घातलं. मी उभा जन्म दुसऱ्यांचे कपडे उसवून-आवळून देते, त्या मशीनवर शिकले, आणि जिला बटण लावता येत नाही तिने त्याचा निकाल लावला! त्या दिवसापासून तोंड बघितलं नाही तिचं.

मग माझी नात आणि तिचा नातू, दोघांनी डोकं चालवलं. दोघी म्हाताऱ्यांना एक जुना खेळ लावून देऊ, खेळता खेळता बोलतील. प्रत्येकाची एक गढी. कोठारं, पूल, शिपाई. जगभरची माणसं खेळतात, नकाशा सगळ्यांचा एकच. आम्ही कसल्या बोलतोय! मी तिची कोठारं पेटवली. तिने माझा पूल पाडला. तेव्हापासून रोज जेवणं आटपली की दोघी बसतो, ती तिच्या गावात, मी इथे. खेळात निरोप पाठवायची सोय आहे. मी एकदाही वापरली नाही, तिनेही नाही. गरज काय? तिने सकाळीच हल्ला केला की समजायचं, रात्री गुडघ्यांनी झोपू दिलं नाही. मागे बरेच दिवस गप्प होती, तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. आली ती थेट माझ्या वेशीवर.

आणि आता मी गप्प. शनिवारी तिचं सैन्य माझ्या नदीपर्यंत आलं होतं. काय म्हणत असेल? पळाली! घाबरून पळाली मोठी!

महिनाभर धनी फिरकला नाही की गढी बेवारस ठरते. ज्याला हवी त्याने घ्यावी. तोवर तरी टिकते कुठली. दरोडेखोर फिरतच असतात, आणि धाकटी आहेच.

६ मार्च, गुरुवार

जेवताना बाप-लेकीची जुंपली. बाप म्हणजे माझा मुलगा, विमा कंपनीत आहे.

मी विचारलं होतं साधं. विंडोज परत टाक. तर म्हणे नवं विंडोज या जुन्या डब्याला पेलत नाही, आणि जुनं टाकायचं तर त्याची सीडी हरवली. नातीच्या लॅपटॉपवरही लिनक्सच. मुलाचा लॅपटॉप ऑफिसचा, त्यात खेळ घातला तर नोकरीवर बेतेल.

मग नात म्हणाली, "आजी, उपाय आहे. खेळाला विंडोजची भाषा येते, कंप्युटरला लिनक्सची. मधे एक दुभाष्या बसवायचा. खेळाला पत्तासुद्धा लागत नाही की घर बदललंय."

"मग बसव."

"दुभाषे दोन आहेत. एक फुकट, एक विकत."

तिथून पेटलं. मुलगा म्हणे, विकतचाच घ्या, पैसे टाकले की डोक्याला ताप नाही. नात म्हणे, बाबा, विकतचा फुकटच्याच पोटातून निघालाय, वर नुसतं छान बटण लावलंय. मुलगा म्हणे, लोक वेडे आहेत का मग विकत घ्यायला? नात म्हणे, बटणासाठी घेतात. मुलगा म्हणे, तू गप्प बस, तुझ्यामुळेच झालंय हे सगळं. भाजी थंड.

शेवटी मुलगा माझ्याकडे वळला. "आई, एवढं आहे तर सरळ फोन कर ना काकूला."

फोन करून काय सांगू? तुझं उत्तरेकडचं कोठार जाळायचं राहिलंय, जरा थांब?

८ मार्च, शनिवार

नातीची सुट्टी. सकाळपासून फुकटचा दुभाष्या बसवतेय. काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं सरसर वर जातात. ती म्हणते "हं." परत सरसर. परत "हं." डॉक्टर असं "हं" करतो तेव्हा पेशंटच्या बायकोने काय समजायचं?

खेळ उघडला एकदाचा! पण अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. जिथे "हल्ला" लिहिलेलं असायचं तिथे चौकोन. जिथे "माघार" तिथेही चौकोन. कुठला दाबू? म्हणे, थांब, अक्षरं वेगळी आणावी लागतील. आणली. मग बाण हाताखाली थांबेना, मी इकडे नेला की तो तिकडे. तेही केलं तिने. मग खेळाच्या दाराशी गेले, नाव सांगितलं, आणि — बाहेर. एकदम बाहेर. परत नाव, परत बाहेर.

म्हटलं, हे ज्याने केलंय त्याला फोन लाव.

"आजी, हे कुणा एकाने नाही केलं. खूप जणांनी केलंय. आपापल्या वेळात. पैसे न घेता."

म्हणजे ओरडायचं कुणावर?

"कुणावरच नाही," म्हणते. हसली वर!

९ मार्च, रविवार

बाहेर. बाहेर. बाहेर.

१० मार्च, सोमवार

फुकट, फुकट, किती कौतुक त्या फुकटचं! माझ्याकडे येतात ना. "काकू, एवढंसं तर आहे, दोन टाके." दोन टाके घालायला आधी चार उसवावे लागतात ते कुणाला दिसत नाही. आणि इथे ही माणसं आपणहून फुकट बसलीत. कुणाची तरी अख्खी संध्याकाळ माझ्या चौकोनांवर गेली असेल. डोकं ठिकाणावर आहे का त्यांचं? बायकापोरं नाहीत?

आणि एकदा फुकट घेतलं की तोंड बंद. माझं तोंड मला बंद ठेवता येत नाही. पैसे दिले की निदान भांडता येतं.

विकतचा घेणार. माझ्या पैशाने. मुलगा म्हणाला मी देतो. नको. मग तो दर रविवारी आठवण काढेल.

११ मार्च, मंगळवार

घेतला. नातीचं तोंड एवढंसं झालं. बटण दाबलं, एक पट्टी भरत गेली, झालं. अक्षरं अक्षरांसारखी. बाण जागेवर. काळी चौकट नाही, "हं" नाही. मुलगा दारात उभा राहून मिशीत हसत होता. "बघ आई. सांगत होतो."

दाराशी गेले. नाव सांगितलं.

बाहेर!

मुलगा चहा करायला म्हणून आत गेला. याला चहा करता कधी येत होता?

१२ मार्च, बुधवार

आता माझी पाळी. नातीला बसवलं आणि विकतवाल्यांना पाठवायची तक्रार सांगितली. पैसे मोजून घेतलाय, दुभाष्या आहे का मुका? आत सोडत नाही. तिकडे माझी गढी उघडी पडलीय, धाकटी नदीवर आहे, तुम्ही तिकडे खुर्चीत बसून काय करता?

नातीने टाइप केलं. मी म्हटलं वाचून दाखव. वाचलं तर म्हणे, "कृपया मदत करावी, प्रवेश होत नाही." हे मी सांगितलं? पुसायला लावलं. शब्द न् शब्द जसाच्या तसा लिहून घेतला.

१४ मार्च, शुक्रवार

उत्तर आलं. नात मला कळेल अशा भाषेत करून वाचते. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपला खेळ आमच्या हमीच्या यादीत नाही. तरीही आपण आमच्यासाठी मोलाच्या आहात. आपल्याला पैसे परत हवे असल्यास आनंदाने देऊ."

आनंदाने! माझी गढी लुटली जातेय आणि याला आनंद!

परत लिहिलं. परत दिलगीर. अरे, भांड की! कापसाच्या गादीवर बुक्क्या मारल्यासारखं होतंय. पैसे परत घ्यायला मी काय उपाशी आहे? मला आत सोड.

१५ मार्च, शनिवार

नात म्हणाली, फुकटवाल्यांचा एक फलक आहे, तिथे लोक अडचणी लिहितात, ज्याला येतं तो उत्तर देतो. लिहू का? म्हटलं लिही, पण माझेच शब्द. दुभाष्या मुका, गढी उघडी, सगळं.

१७ मार्च, सोमवार

फलकावर उत्तर! कुणी "खिळा" नावाने लिहितो. लिहितो काय, ठोकतोच.

"'आत सोडत नाही' म्हणजे काय? कोणती आवृत्ती? कोणत्या पायरीला? पडद्यावर शेवटी काय दिसलं? यातलं काही न लिहिता शंखध्वनी करणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही. आधी सूचना वाचा, मग ओरडा."

नात घाबरली. "आजी, सोड, असे असतात काही लोक."

सोडते कशाला! इतक्या दिवसांत पहिला माणूस भेटला. लिही म्हटलं: सूचना वाचायला मी शाळेत गेले नाही, चौथीत घरी बसवलं, तुझी सोय बघायचं माझ्या बापाला सुचलं नाही. वेळ नाही तर फलकावर काय माश्या मारायला बसतोस?

१८ मार्च, मंगळवार

खिळा: "चौथीतल्या माणसालाही पडद्यावर काय दिसतं ते सांगता येतं. दिसत नसेल तर चष्मा बदला."

मी: चष्मा नवा आहे. तुझ्या जिभेला लाव एखादा.

खिळा: "शेवटी काय दिसलं?"

सुटत नाही मेला!

२० मार्च, गुरुवार

सकाळपासून घुसमटत होते. मग एक बाई ब्लाउज घेऊन आली. "काकू, जरा कसंतरी होतंय." म्हटलं, कसंतरी म्हणजे? खांद्याला ओढतंय, का काखेत काचतंय, का पाठीला फुगा येतोय? "नाही हो, असंच… कसंतरी." अस्सा संताप आला! अगं बाई, मी काय अंतर्ज्ञानी आहे? कुठे ते सांग, तर उसवते!

ती गेल्यावर मशीन झाकून ठेवलं.

दुपारी कंप्युटर उघडला. खेळाच्या दाराशी गेले, नाव सांगितलं, आणि बाहेर फेकायच्या आधी पडद्यावर क्षणभर काय येतं ते बघितलं. एक ओळ येते. वाचेपर्यंत जाते. परत गेले. अर्धी बघितली. परत. माझी अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय, पण जसं दिसलं तसं एकेक चित्रासारखं उतरवून घेतलं. नातीला दिलं. तिने फलकावर चढवलं.

खिळा: "हे आधी का नाही सांगितलं?"

मी: आधी का नाही नीट विचारलंस?

खिळा: "तीनदा विचारलं."

बरोबर आहे त्याचं. पण लिहायला लावलं नाही.

२२ मार्च, शनिवार

आज मजाच झाली. मजा कसली, आणखी संताप.

खिळ्याने लिहिलं की सापडलं. हा खेळ दाराशी एक जुन्या पद्धतीची ओळख मागतो. दुभाष्या ती नव्या पद्धतीने देतो, म्हणून पहारेकरी हाकलतो. दुरुस्ती करतोय. आणि शेवटी: "तोवर विकतच्यात परत परत डोकं आपटू नका. ११ तारखेपासून आपटताय."

मी नातीला म्हटलं, याला कसं ठाऊक ११ तारीख? फलकावर आपण लिहिलेलं नाही. विकतच्या दुकानालाच ठाऊक.

तिने विचारलं. उत्तर आलं. "दिवसा तिथे नोकरीला आहे. तुमच्या तक्रारींना उत्तरं मीच दिली."

म्हणजे तो दिलगीर, तो मनापासून, तो आनंदाने — तो हाच! दिवसा पगारावर तूप, संध्याकाळी फुकटात मिरची!

लिहायला लावलं: मग दिवसाच का नाही विचारलंस, शेवटी काय दिसलं म्हणून?

"दिवसा यादीबाहेरच्या खेळावर वेळ घालवायची परवानगी नाही. आणि गिऱ्हाइकाला असं बोलता येत नाही."

नात हसून हसून लोळली. मुलगा म्हणाला, "म्हणजे पैसे देऊन गोड बोलणं मिळतं आणि फुकटात काम होतं, असं?" नात म्हणाली, "नाही बाबा, त्याला पगार मिळतो म्हणून तो संध्याकाळी फुकट बसू शकतो." पहिल्यांदाच दोघं एकमेकांकडे बघून काही बोलले. मी नाही हसले. माझी गढी अजून बाहेरच आहे.

२३ मार्च, रविवार

दरोडेखोर रविवारी जास्त निघतात. खेळात.

२६ मार्च, बुधवार

दुरुस्ती झाली म्हणे! पण कुठे? फुकटच्यात! विकतच्यात यायला वेळ लागेल, तिथे सगळं तपासून, पक्कं करून, पुढच्या आवृत्तीत घालतात.

पैसे मी दिले! तक्रार मी केली! डोळे फोडून ओळ मी उतरवली! आणि आधी मिळणार कुणाला, ज्याने कवडी टाकली नाही त्याला! माझ्या दुकानात असं केलं तर गिऱ्हाईक कात्री फेकून मारेल.

खिळ्याला हेच लिहायला लावलं. उत्तर: "तुमची ओळ आता सगळ्यांची झाली. हा खेळ ज्यांना ज्यांना आत सोडत नव्हता ते सगळे आत जातील. तुम्हीही फुकटचाच वापरा, शहाणे असाल तर."

म्हणजे मी एक शिवायला टाकलं आणि सगळ्या गल्लीच्या अंगावर चढलं! असा धंदा करतात?

नातीने विचारलं, त्याला धन्यवाद लिहू? म्हटलं, तुझं तू लिही. तिने लिहिलं. मी वाचून घेतलं. एक वाक्य जास्त घालायला लावलं — संध्याकाळी जेवत जा वेळेवर.

२८ मार्च, शुक्रवार

नातीची दवाखान्यात दुहेरी पाळी. कोण बसवणार दुरुस्ती? महिना संपत आला. मुलाला म्हटलं तू बसव. तो काळ्या चौकटीसमोर बसला, सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, आणि "हं" म्हणाला.

याचंही "हं"! काही झालं नाही.

२९ मार्च, शनिवार

आले! आत आले!

नातीने येऊन बसवलं. दाराशी गेले, नाव सांगितलं, ओळ आली आणि — दार उघडलं. माझा पूल, माझी नदी. मी उभीच राहिले खुर्चीतून.

मग नकाशा पसरला आणि बघितलं. गढीला चारी बाजूंनी लाल निशाणं. धाकटीची! एक नाही, दोन नाही, तिचं होतं नव्हतं तेवढं सगळं सैन्य, वेशीला अंग लावून. मुंगी आत-बाहेर होणार नाही. बघा, बघा! मी आजारी आहे का मेले, एवढंसुद्धा वाटलं नाही हिला. मोठी दिसत नाही म्हटल्यावर वेढाच घातला! मशीन विकलं तशी गढी घशात घालायला निघाली.

नात काहीतरी सांगत होती, "आजी, जरा जवळून बघ ना." मला नाही बघायचं. बंद केलं. डोकं ठणकत होतं. उद्या जेवण झालं की कोठार उघडायचं, सगळे शिपाई काढायचे आणि मागून कापायची एकेकाला.

३० मार्च, रविवार

शिपाई काढले. हल्ल्याच्या बटणावर बाण नेला आणि जवळून बघितलं.

तिच्या सगळ्या शिपायांची पाठ माझ्या भिंतीकडे. तोंडं बाहेर. पुढे दरोडेखोरांचे जळलेले तंबू, किती तरी, आणि त्यांच्यात तिचे निम्मे मेलेले. माझ्या भिंतीची एक वीट हललेली नाही. कोठारं भरलेली.

मग तिची गढी शोधली. तिथे कुणीच ठेवलं नव्हतं तिने. नुसती राख.

कुणी सांगितलं होतं हिला!